मूर्तिजापूर जंक्शन : कापसाची वाट आणि माणसांचा खोळंबा

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गावर अकोला आणि बडनेरा यांच्या दरम्यान मूर्तिजापूर हे तालुक्याचे गाव आहे. या मार्गावरून हावड्यापर्यंतच्या गाड्या धडधडत जातात. त्याच स्थानकाच्या कुशीतून अवघ्या अडीच फूट रुंदीचे दोन चिमुकले मार्ग निघाले. एक कारंजा, दारव्हा असा यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर; दुसरा दर्यापूर, अंजनगाव असा अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर. या दोन फाट्यांमुळेच मूर्तिजापूरच्या नावापुढे ‘जंक्शन’ हा शब्द लागला. वऱ्हाडातील लोकांनी त्या गाडीला ‘शकुंतला’ हे नाव दिले आणि तीन-चार पिढ्या तिच्यातून प्रवास केला. २०१० नंतरच्या दशकात दोन्ही शाखांवरील गाड्या एकामागून एक थांबल्या. जंक्शनाची पाटी राहिली. जंक्शन राहिले नाही.

या घटनेबद्दल वर्तमानपत्रांतून आणि सभांतून एक कथा वारंवार सांगितली गेली. ती अशी की, शकुंतला ही भारतातील अखेरची ‘ब्रिटिशांची रेल्वे’; स्वातंत्र्य मिळाले तरी तिच्यावरील इंग्रजांची मालकी सुटली नाही; म्हणून तिचा उद्धार झाला नाही. कथा चटकदार आहे, राष्ट्राभिमानाला चटकन हात घालणारी आहे, आणि नेमकी त्यामुळेच ती सत्ताधाऱ्यांना सोयीची आहे. दोष सातासमुद्रापलीकडे ढकलला की मुंबई-दिल्लीतील कोणालाच जाब द्यावा लागत नाही. या कथेत सत्याचा अंश आहे. पण त्या अंशामागे दडवलेले जे सत्य आहे, ते अधिक कटू आणि अधिक महत्त्वाचे आहे.

प्रथम हा मार्ग कशासाठी आला ते पाहावे. १८५३ हे साल वऱ्हाडच्या इतिहासात तीन कारणांनी कोरले गेले आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. त्याच महिन्यात गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेविषयीची आपली प्रसिद्ध टिपणी लिहिली आणि तीत इंग्लंडला हव्या असलेल्या हिंदुस्थानी कापसाचा उघड उल्लेख केला. आणि पुढच्याच महिन्यात निजामाशी तह करून कंपनी सरकारने वऱ्हाडचा कारभार आपल्या हाती घेतला. काळ्या कसदार जमिनीचा मुलूख, त्या मुलखातील पांढरे सोने आणि ते बंदरावर नेणारा लोखंडी रस्ता ही तीन टोके एकाच सालात जुळली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. भागधारकांच्या भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी सरकारने आधीच दिलेली होती. नफा झाला तर कंपनीचा, तूट आली तर ती भरणार हिंदुस्थानचा करदाता, म्हणजे अखेर येथला शेतकरी. खाजगी उद्योजकतेचे पोवाडे गाणाऱ्यांनी ही हमी कधी विसरू नये.

अमेरिकेतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला. युद्ध संपले, भाव कोसळला. पण ज्वारीच्या रानात शिरलेला कापूस मागे हटला नाही, कारण सारा रोख भरायचा होता आणि सावकाराचे देणेही रोखच होते. कापसासाठी सरकारने स्वतंत्र अधिकारी नेमला. १८७० मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला, तेव्हा उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय मेयो आला. एखाद्या तालुक्याच्या गावी कापसाच्या बाजारासाठी व्हाइसरॉय येतो, यातच त्या कापसाची किंमत आणि त्या शेतकऱ्याची किंमत दोन्ही कळतात. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत हाच सुपीक प्रांत होरपळून निघाला. रेल्वे होती, तारायंत्र होते, बाजार होता; नव्हते ते गरिबाच्या हाती धान्य विकत घेण्याचे बळ. रेल्वे आली की दुष्काळ हटतो, हा साम्राज्याच्या पुरस्कर्त्यांचा दावा वऱ्हाडच्या शिवारात खोटा ठरला.

या दुष्काळांनंतर, विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, मूर्तिजापूरचे फाटे आकाराला आले. १९०२ मध्ये कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतला होता आणि पुढील वर्षी तो मध्य प्रांताला जोडला गेला होता; भांडवलाला हवी असलेली राजकीय शाश्वती आता मिळाली होती. मुंबईच्या किलिक निक्सन या ब्रिटिश व्यवस्थापकीय पेढीच्या छायेत सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी निघाली. हे फाटे तिने बांधले. गाड्या चालवायच्या त्या मुख्य मार्गाच्या रेल्वेने आणि उत्पन्नातील वाटा द्यायचा तो या कंपनीला, अशी व्यवस्था ठरली. पुलगाव-आर्वी हा वर्धा जिल्ह्यातील लहान मार्गही याच कुळातला. मालकाने रूळ टाकून मोकळे व्हायचे आणि गाडी दुसऱ्याने ओढायची, असा हा व्यवहार होता. शेतीत ज्याला खंडाची जमीन म्हणतात, त्याचीच ही लोखंडी आवृत्ती.

मूर्तिजापूरचे अर्थकारण या व्यवहारावर उभे राहिले. फाट्यावरून आलेला कापूस आणि गाठी लहान डब्यांतून उतरवून मोठ्या डब्यांत चढवाव्या लागत, कारण दोन्ही मार्गांची रुंदी भिन्न होती. हमालांच्या पाठींवरून तो माल पलीकडे जाई. भोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आले, अडत्ये आले, दलाल आले, वखारी आल्या. गाव वाढले, पण ते वाढले एखाद्या नळाच्या तोटीसारखे. तोटीतून पाणी कितीही वाहिले तरी तोटीची तहान भागत नाही. सरकी आणि रुई वेगळी करण्यापलीकडे या भागात फारसे काही झाले नाही. सूत बाहेर, कापड बाहेर, नफाही बाहेर. कापूस पिकवणाऱ्याच्या अंगावर तेच कापड परत आले ते दुकानदाराच्या वहीत उधारीने.

याच तालुक्यातील दापुरे गावी संत गाडगेबाबांचे बालपण मामाच्या घरी गेले. मामाची जमीन सावकाराच्या कागदात कशी अडकली, हे त्यांच्या चरित्रांतून महाराष्ट्राला ठाऊक आहे. पुढे हातात खराटा आणि डोक्यावर खापर घेऊन हिंडणाऱ्या त्या माणसाने कर्ज काढू नका, पोरांना शिकवा, अडाणी राहू नका, हे गावोगाव का सांगितले, याचे मूळ या कापसाच्या काळ्या जमिनीत आहे. मूर्तिजापुरात त्यांनी धर्मशाळा बांधली. ज्या गावातून लाखो गाठी बाहेर गेल्या, त्या गावात गरीब वाटसरूला पाठ टेकायला जागा हवी म्हणून एका निरक्षर परिटाला वर्गणी मागत फिरावे लागले. रेल्वेच्या शंभर वर्षांचा हिशोब मांडताना ही नोंद ताळेबंदात यायला हवी.

आता मूळ आरोपाकडे वळावे. १९२०-२१ च्या ॲकवर्थ समितीत रेल्वे सरकारने स्वतः चालवावी, या मताला बळ मिळाले आणि १९२५ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा कारभार सरकारकडे आला. म्हणजे मूर्तिजापूरच्या मुख्य फलाटावरील मार्गाचे सार्वजनिकीकरण परकीय राजवटीतच घडले. १९५१ मध्ये स्वतंत्र भारताने मध्य रेल्वे स्थापन केली. फलाटाच्या दुसऱ्या अंगाचा मार्ग मात्र कंपनीचा तो कंपनीचाच राहिला. परकीय सरकारने जे मोठ्या मार्गाबाबत केले, ते स्वकीय सरकारला लहान मार्गाबाबत करता आले नाही.

‘करता आले नाही’ हे शब्दही उदार ठरतील. ‘केले नाही’ असेच म्हटले पाहिजे. कारण याच महाराष्ट्रात याच अडीच फुटी रुंदीची बार्शी लाइट रेल्वे होती. तीही खाजगी कंपनीची, तीही ब्रिटिश भांडवलाची. १८९७ मध्ये सुरू झालेला तो मार्ग पुढे मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर असा पसरला. सरकारने १९५४ मध्ये ती कंपनी विकत घेतली. या शतकाच्या पहिल्या दशकाच्या सुमारास तो सारा मार्ग रुंद झाला आणि आज लातूर व पंढरपूर देशाच्या मुख्य जाळ्याला जोडलेले आहेत. कायदा तोच, सरकार तेच, रूळही तेवढेच रुंद. मग बार्शीला जे शक्य झाले ते मूर्तिजापूरला अशक्य का ठरले? कराराच्या मुदती येत गेल्या. मार्ग विकत घेण्याचा पर्याय सरकारपुढे येत गेला. आणि प्रत्येक वेळी व्यवहार किफायतशीर नाही, या सबबीवर तो दूर सारला गेला. हा विसर नव्हता, हा निर्णय होता. कालिदासाच्या दुष्यंताला शकुंतलेचा विसर पडला तो शापामुळे. दिल्लीच्या विसराला शापाचे निमित्तही नाही. आणि येथे अंगठी हरवलेली नव्हती, ती फायलीत होती.

मालकी ब्रिटिशांची, या दाव्यातील फोलपणाही उघड केला पाहिजे. स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सन ही पेढी भारतीय भांडवलदारांच्या हाती गेली. व्यवस्थापकीय पेढ्यांची पद्धतच १९७० मध्ये कायद्याने रद्द झाली. म्हणजे लोक ज्याला गोऱ्या साहेबाचा खंड म्हणत राहिले, तो कित्येक दशके देशी मालकाचा खंड होता. साहेबाची खुर्ची रिकामी झाली नाही. तिच्यावर बसणारा तेवढा बदलला. शोषणाचा रंग पाहून संतापणाऱ्या आणि शोषणाचा व्यवहार पाहून गप्प बसणाऱ्या राष्ट्राभिमानाची हीच शोकांतिका आहे. कंपनीला दरवर्षी नेमके किती देणे होते आणि किती दिले गेले, याचे आकडेही वर्तमानपत्रांत निरनिराळे येत राहिले. सार्वजनिक पैशाचा हिशोब अफवेसारखा फिरत राहावा, हे लोकशाहीला शोभणारे नाही.

या सत्तर वर्षांत मार्गाचे जे झाले ते कोणत्याही पडीक मालमत्तेचे होते. मालक म्हणे, गाडी रेल्वे चालवते, देखभाल तिने पाहावी. रेल्वे म्हणे, मालमत्ता कंपनीची, तिच्यावर खर्च आम्ही का करावा? या दोन बोटांच्या मधोमध रूळ झिजले, स्लीपर कुजले, पूल म्हातारे झाले. १९२१ मध्ये मँचेस्टरला बांधलेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत गाडी ओढत होते; त्यानंतर डिझेल इंजिन आले, पण रूळ तेच राहिले. १९९२ मध्ये देशभर एकच रुंद मार्ग करण्याची योजना आखली गेली आणि अनेक अरुंद मार्ग रुंद झाले. मूर्तिजापूरचे फाटे मात्र मालकीच्या गाठीत अडकून बाजूला पडले. अखेरच्या वर्षांत गाडी तासाला वीस किलोमीटरच्या आसपास रखडत चाले. गार्डनेच उतरून तिकिटे द्यावीत आणि गाडीच्या माणसांनीच फाटक उघडावे-लावावे, इतकी मनुष्यबळाची काटकसर झाली होती. तरीही शेतमजूर स्त्रिया, बाजाराला निघालेले लहान शेतकरी, शाळकरी मुले त्या गाडीत बसत, कारण बसभाड्याच्या तुलनेत तिचे भाडे नाममात्र होते. ज्याच्याकडे पैसा कमी आणि वेळ अधिक, त्याची ती गाडी होती. गरिबाच्या वेळेला राज्यकर्त्यांच्या लेखी मोल नसते, म्हणूनच ती तशीच चालू दिली गेली. आणि त्याच्या पैशालाही मोल नसते, म्हणूनच ती बंद झाली.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेण्याजोगा आहे. रस्ते झाले, एस.टी. गावोगाव पोहोचली, कापूस ट्रकने जाऊ लागला. मग तोट्यातल्या मार्गासाठी हा आक्रोश कशाला, असे विचारले जाते. रस्त्यांनी लोकांची सोय झाली, हे खरेच आहे, आणि ती नाकारण्यात शहाणपण नाही. पण तोटा म्हणजे काय, हे आधी ठरवावे लागेल. दिवसाकाठी एखादी फेरी, सायकलला मागे टाकता येऊ नये असा वेग, मालवाहतूक संपलेली आणि मुख्य मार्गाशी डबा जोडता येत नाही अशी रुंदी, अशा मार्गाला नफा कोठून होणार? माणसाला आधी उपाशी ठेवायचे आणि मग तो काम करीत नाही म्हणून कामावरून काढायचे, त्यातलाच हा युक्तिवाद. बार्शीचा अरुंद मार्ग त्याच्या जुन्या उत्पन्नावर तोलला असता, तर तोही आज उखडलेला दिसला असता. शिवाय इंधन महागते तसे बसभाडे वाढते आणि ते प्रथम टोचते ते मजुराला. रस्ता आणि रूळ यांत भांडण लावणे हा धोरणकर्त्यांचा जुना डाव आहे. यवतमाळसारख्या, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर नाव झालेल्या जिल्ह्याला दोन्ही हवेत.

दुसरा प्रवाद अधिक गोड आणि म्हणून अधिक फसवा आहे. शकुंतलेला ‘वारसा’ म्हणून जपावे, सजवलेले डबे लावून पर्यटकांना फिरवावे, असे सुचवले जाते. जुने इंजिन जपावे, स्थानकांच्या जुन्या इमारती राखाव्यात, यात गैर काही नाही. कामगारांच्या घामाने चाललेले यंत्र हे संग्रहालयात ठेवण्याच्या योग्यतेचे असतेच. परंतु ज्या गाडीतून बाई लुगड्याच्या ओच्यात भाजी घेऊन बाजाराला जात होती, ती गाडी शहरी पाहुण्यांच्या छायाचित्रांसाठी चालवायची आणि त्या बाईला डांबरी रस्त्यावर काळी-पिवळीची वाट पाहत उभे करायचे, याला वारसा म्हणता येणार नाही. स्मरणरंजन हे ज्यांनी खोळंबा सोसला नाही त्यांचे सुख आहे.

२०१६ मध्ये या मार्गाच्या रुंदीकरणाची घोषणा झाली. त्यानंतर झाले ते इतकेच की, उरलीसुरली गाडीही थांबली. दरम्यान वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. यवतमाळला नव्या दिशेने रुंद मार्ग येत आहे, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु तिच्याकडे बोट दाखवून मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर यांना गप्प बसवता येणार नाही. वर्ध्याहून येणारा मार्ग अचलपूरच्या प्रवाशाच्या कोणत्याच उपयोगाचा नाही.

येथे चळवळीनेही स्वतःकडे पाहिले पाहिजे. शकुंतलेसाठी निवेदने पुष्कळ दिली गेली, उपोषणेही झाली. पण बहुतेक वेळा मागणीचे स्वरूप ‘आमच्या गावाला गाडी द्या’ एवढेच राहिले. मालकीचा प्रश्न, हिशोबाचा प्रश्न आणि कापसाचा प्रश्न हे एकमेकांपासून तोडले गेले. गाडी मागणारे वेगळे, कापसाला भाव मागणारे वेगळे, गिरणी कामगार वेगळे. १९७२ मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली, तेव्हा दलालाला बाजूला सारून शेतकऱ्याला संरक्षण देण्याचे तत्त्व शासनाने मान्य केले होते. ती योजना भ्रष्टाचाराने आणि तोट्याने पोखरली गेली, उदारीकरणाच्या काळात मोडीत निघाली, आणि तिच्या रक्षणासाठी जेवढ्या ताकदीने उभे राहायला हवे होते तेवढ्या ताकदीने कोणी उभे राहिले नाही. अचलपूरच्या सार्वजनिक क्षेत्रातील फिनले मिलची चक्रे २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा तिचे कामगार एकटे पडले. जेथे कापूस पिकतो तेथेच सूत निघावे, हे स्वप्न ज्या मोजक्या ठिकाणी प्रत्यक्षात आले होते, त्यांपैकी ते एक. मार्ग बंद आणि गिरणीही बंद, हा योगायोग नव्हे. एकाच धोरणाची ती दोन तोंडे आहेत.

म्हणून पुढील लढ्याच्या मागण्या नेमक्या असाव्यात. कंपनीशी झालेले सर्व करार आणि तिला स्वातंत्र्यानंतर दिलेल्या प्रत्येक रकमेचा हिशोब संसदेपुढे आणि जनतेपुढे मांडला जावा. मालकीचा प्रश्न कायद्याने कायमचा मिटवावा, आणि भरपाई ठरवताना न केलेल्या देखभालीची किंमत तीतून वजा व्हावी. दोन्ही फाट्यांच्या रुंदीकरणाला मुदत घालून दिली जावी, आणि मार्ग सुरू झाल्यावर त्यावर केवळ मालगाड्या व जलद गाड्या न धावता प्रत्येक लहान स्थानकावर थांबणारी, कमी भाड्याची प्रवासी गाडी असावी. जुन्या मार्गाची पट्टी आधी वापरावी. त्याबाहेर कोरडवाहू शेतकऱ्याची जमीन लागलीच तर २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे पुरता मोबदला हाती पडल्याखेरीज एक गुंठाही घेतला जाऊ नये. आणि या मार्गावरून गाठींऐवजी सूत आणि कापड बाहेर जाईल असे उद्योग, शेतकरी व कामगार यांच्या सहकारी मालकीने, या तालुक्यांत उभे राहावेत. ही अखेरची मागणी सोडून बाकीच्या मान्य झाल्या, तर १८६७ चीच पुनरावृत्ती होईल: तोटी रुंद होईल, तहान तीच राहील.

मूर्तिजापूरचा प्रश्न एका गावाचा नाही. देशात अशी कितीतरी छोटी जंक्शने आहेत, जी भांडवलाने आपल्या गरजेपुरती निर्माण केली आणि गरज सरताच वाऱ्यावर सोडली. त्यांचा इतिहास इंजिनांच्या आणि मैलांच्या आकड्यांत लिहिला जातो. तो हमालांच्या पाठींवरून आणि कापूस वेचणाऱ्या बोटांवरून लिहिला जात नाही. तसा तो लिहिण्याचे काम गावोगावच्या कार्यकर्त्यांचे आहे, आणि ते कागदावर पुरे होणारे नाही. दापुऱ्याच्या मामाची जमीन ज्या कागदाने गेली, त्या कागदाला आव्हान द्यायला त्या वेळी गावात वाचता येणारा माणूस नव्हता. आज आहे. करार वाचावेत, हिशोब मागावा, आणि मूर्तिजापूरच्या फलाटावर शेतकरी, हमाल, गिरणी कामगार व प्रवासी यांनी एकत्र उभे राहून एवढेच विचारावे : वाट कापसासाठी झाली होती, ती आता माणसांसाठी कधी होणार?